गाठमाउलीचा लाल दोरा

बंद पडलेल्या टायरच्या गोदामात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. कुणाच्या कडेवर एक, बोटाला दुसरं. समोर उंच खुर्चीत गाठमाउली आणि तिच्यापुढे मनगट धरून बसलेली एक बाई. मनगटावर पांढराशुभ्र दोरा. माउलीने डोळे मिटले, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि दोऱ्यावर शिंपडलं. बघता बघता दोरा लालगुलाबी झाला.

"बांधली गं, बांधली!" माउली किंचाळली. "कूस बांधली! आता मी सोडल्याशिवाय पाळणा हलायचा नाही!"

गोदामभर हात जोडले गेले.

माउलीचं शास्त्र एकदम सरळ. दोरा लाल तोवर कूस बंद. रंग उडाला की गाठ सैल झाली. पुन्हा या, पुन्हा पैशांचं पाकीट ठेवा. आणि रंग असतानाच दिवस गेले तर? "शंका आणलीस ना मनात? शंका म्हणजे किल्ली गं बाळ! कुलूप मी लावलं, किल्ली तू फिरवलीस." म्हणजे कुलूप टिकलं तर माउलीची कृपा, उघडलं तर गिऱ्हाइकाची चूक. असला धंदा कधी बुडत नाही.

सगळ्यांत मागे, दाराला टेकून केमिस्टबाई उभी होती. नवरा गेल्यापासून चौकातलं औषधांचं दुकान तीच चालवायची. इतर वेळी हा तमाशा बघून तिला हसू आलं असतं. आज ती त्या तांब्याकडे टक लावून बघत होती.

सकाळी शिवणवाली तिच्या दुकानाच्या पायरीवर कोसळली होती. मागच्या गल्लीत शिवणयंत्र चालवणारी, दोन पोरांची आई. साडी रक्ताने भिजलेली. केमिस्टबाईने रिक्षा थांबवली, तिला इस्पितळात नेलं. आत घेण्याआधी तिचे रक्ताळलेले हात बेसिनवर साबणाने धुताना केमिस्टबाईचं लक्ष मनगटावरच्या मळकट पांढऱ्या दोऱ्याकडे गेलं. साबणाच्या फेसात तो गुलाबी होत होता.

हा रंग तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत शंभरदा पाहिला होता. हा रंग देणारी पांढरी पूड तिनेच विकली होती. एक उंच, गोडबोली बाई आली होती. "शाळेतल्या मुलांच्या प्रयोगासाठी हवी," म्हणाली. केमिस्टबाईने कुठली शाळा, एवढंही विचारलं नव्हतं. हसून पुडा बांधून दिला होता.

आणि शिवणवालीला? तीही आली होती, काही महिन्यांपूर्वी. दुकानात चारपाच माणसं होती. ती काउंटरवर वाकून पुटपुटली होती, "ताई, दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या असतात ना, त्या द्या. मागच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नको. इस्पितळात रांग लावली तर दिवस बुडतो हो."

खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका गृहस्थाने मान वळवली होती. तेवढंच पुरे झालं. एकट्या बाईचं दुकान, लोक काय म्हणतील! केमिस्टबाईने आवाज चढवला होता. "असं कसं देऊ? चिठ्ठी कुठाय? नवऱ्याला पाठव आधी!" त्या गोळ्यांना चिठ्ठीची सक्ती नव्हती. हे तिला चांगलं माहीत होतं. शिवणवाली मान खाली घालून गेली होती. कुठे गेली असेल, हा विचार केमिस्टबाईने केला नव्हता.

धोका टळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तशी ती उठून थेट गोदामात आली होती.

आता ती बायकांमधून वाट काढत पुढे गेली. "माउली, एक दोरा मलाही द्या."

पुडा बांधून देणाऱ्या बाईला माउलीने लगेच ओळखलं. चेहरा किंचित उतरला, पण गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? टोपलीतला दोरा दिला. केमिस्टबाईने तो स्वतःच्या हाताला न बांधता दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला हाक मारली. भरघोस मिशांचा गडी. "दादा, हात पुढे करा."

"मी? मी कशाला?"

"करा हो. सुई टोचत नाही."

त्याने हात पुढे केला. तिने दोरा बांधला आणि माउली उठायच्या आत तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. दोरा लालबुंद.

"घ्या," केमिस्टबाई म्हणाली, "दादांचीही कूस बांधली!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खं गोदाम हसायला लागलं. पहारेकरी दोरा तोडायला दातांनी झटू लागला.

"हिच्या मनात पाप आहे!" माउली ओरडली. "पापी हाताने दोरा विटाळला!"

"दोरा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या पुडीत बुडवून वाळवलाय," केमिस्टबाई म्हणाली. "पाणी चुन्याची निवळी आहे. दोन्ही एकत्र आले की रंग येतो. हवा लागली की हळूहळू उडतो. साबणाने हात धुवून बघा घरी, पुन्हा येईल. तुमच्या कुशीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. दिवस जायचे ते जातातच."

माउली तांब्या टाकून मागच्या दाराने निघाली. बायकांनी तिला दारातच गाठलं, आपापली पाकिटं परत मागायला. सगळ्या नाही धावल्या. एक म्हातारी सुनेचा हात धरून जागीच बसून होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "आता मी विचारते. ही माझी सून तुझ्याकडे आली होती आधी. तू तिला काय म्हणालीस, सांग इथे."

केमिस्टबाईला ती सून आठवतही नव्हती. अशा किती जणी परतवल्या असतील, कोण जाणे.

"नवऱ्याला पाठव, असं म्हणाले असेन," ती म्हणाली. "चुकलं माझं, आजी. पूडही मीच विकली या माउलीला. मी बायकांना हाकललं आणि हिने बसवून घेतलं." ती म्हातारीसमोर खाली बसली. "पण दोऱ्याने काही होत नाही, एवढं तरी माझं ऐका. उद्यापासून दुकानात आतल्या खोलीत या. रक्तदाब बघीन, डोकं दुखतं का विचारीन, अंगावर पाजता का विचारीन. लग्न झालंय का, हे विचारणार नाही. ज्यांना गोळी चालत नाही, त्यांना दुसरे उपाय सांगीन. आणि माझ्याही शब्दावर विसंबू नका. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचा, डॉक्टरांना विचारा, मग ठरवा."

म्हातारी सुनेला घेऊन उठली. सून मात्र जाता जाता मागे वळून पाहत राहिली.

संध्याकाळी केमिस्टबाई इस्पितळात चहा घेऊन गेली. शिवणवाली शुद्धीवर होती. गर्भ पडला होता, पण तिचा जीव वाचला होता. केमिस्टबाईने सगळं सांगितलं. पुडीचंही लपवलं नाही.

शिवणवालीने चहाचा कप बाजूला ठेवला. "मला वाटलं, मीच शंका घेतली," ती म्हणाली. "रोज स्वतःला शिव्या घालत होते."

"मला माफ कर."

"ते बघू पुढे." तिने केमिस्टबाईकडे मान वळवली. "आधी सांगा, ती गोळी करते काय नेमकं?"

केमिस्टबाईने सांगितलं. बीज बाहेर पडणं कसं थांबतं, रोज का घ्यावी लागते, चुकली तर काय करायचं, कुणी घेऊ नये. तिच्यासाठी गोळीपेक्षा गर्भाशयात बसवायची तांबी बरी पडेल का, हे डॉक्टरांना विचारू, असंही म्हणाली. चहा गार व्हायच्या आत सांगून झालं.

"एवढंच?" शिवणवाली म्हणाली.

एवढंच होतं.

शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. "ताई," ती म्हणाली, "ते चुकली तर काय करायचं म्हणालात, ते परत सांगा."

तिने परत सांगितलं.