पिवळं कार्ड रद्द करण्याबाबत

शेती करायचं ह्यांच्या डोक्यात आलं त्या दिवशी मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना ठिगळं लावून नुकतीच घरी आले होते आणि पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून बसले होते. हे समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जमीन बघून आलोय." पाय बादलीत असले की माणसाला उठून जाताही येत नाही. हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

आमचे हे मूळचे घड्याळं दुरुस्त करणारे. सात पिढ्यांत कोणी कुंडीत तुळसही जगवलेली नाही. या देशात आल्यावर कळलं की इथे घड्याळ बंद पडलं की लोक फेकून देतात, म्हणून हे लिफ्ट दुरुस्त करायला लागले. शेतीतलं त्यांना एवढंच ठाऊक होतं की ती जमिनीवर करतात.

पण खरं कारण त्यांच्या पाकिटात होतं. आम्ही इथे उतरलो ते दोन बॅगा आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन. पहिले चौदा महिने मदत केंद्राच्या खोक्यावर काढले. दर गुरुवारी पिवळं कार्ड दाखवायचं आणि खोका घ्यायचा. पीठ, तेल, डब्यातले वाटाणे, नशीब असेल तर भाजी. खोका घेणं थांबवूनही आठ वर्षं झाली होती, पण ते कार्ड ह्यांनी टाकलं नव्हतं.

"ज्यांनी आपल्याला खायला घातलं, त्यांना आपण खायला घालायचं," हे म्हणाले. "आणि मग हे कार्ड त्यांच्या हातात परत द्यायचं. त्या यादीत माझं नाव नको. मरायच्या आधी एवढं एक काम करायचंय."

"टपालानं पाठवा. त्यासाठी नांगर कशाला?" मी म्हटलं.

"टपालानं नाही," हे म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

शहराच्या टोकाला, बसच्या जुन्या डेपोमागे अर्धा एकर मिळाली. ह्यांनी वाफे आखले ते दोरी, फूटपट्टी आणि गुण्या घेऊन. दोन मुळ्यांत चार इंच म्हणजे चार इंच. पानावर कीड दिसली की डोळ्याला भिंग लावून उकिडवे बसायचे आणि घड्याळाच्या चिमट्यानं एकेक उचलायचे. शेजारचा टायरवाला हातातलं काम टाकून बघत उभा राहायचा. पहिल्या वर्षी किडीनं आमच्यापेक्षा जास्त खाल्लं. दुसऱ्या वर्षी मात्र असे टोमॅटो लागले की ह्यांची छाती फुगली, आणि खोटं कशाला बोलू, माझीही.

निवडायचं काम माझं. सरळ, गोल, बिनडागाचं ते केंद्राला. वाकडं, फुटलेलं, किडीनं आधी चाखलेलं ते आम्हाला. लोकांना द्यायचं ते चांगलंच द्यायचं, एवढं तरी आमच्या आईनं शिकवलं होतं. वर्षभरात दोन्ही बाजू सारख्या असलेला एकही टोमॅटो आमच्या पोटात गेला नाही.

केंद्राच्या प्रमुख बाईंच्या गळ्यात तीन ओळखपत्रं असतात. आमची मुलगी, आता नववीतली, त्यांना ओळखपत्रबाई म्हणते. त्यांनी भाजी हसतमुखानं घेतली. मग ह्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं, शर्टाला पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"असं परत घेता येत नाही," ओळखपत्रबाई म्हणाल्या. "आधी आम्हाला घरी येऊन भेट द्यावी लागते. परिस्थिती सुधारली आहे याची खात्री करावी लागते."

"अहो, आम्ही तुम्हाला चार टोपल्या भाजी दिली ना आत्ता!" मुलगी म्हणाली.

"हो, छानच आहे ती. पण परिस्थितीचा रकाना वेगळा आहे."

ह्यांना मात्र ते पटलं. घड्याळजी माणूस, कामाची रीत असली की खूश. रविवारी या म्हणाले, शेतावर, म्हणजे परिस्थिती डोळ्यांनीच दिसेल.

दिसली. बाई आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. आमच्या खोपटात खुर्ची एकच, ती अर्थातच त्यांना दिली आणि आम्ही तिघं उलट्या टोपल्यांवर बसलो. शेतावर कोणी नवे कपडे घालत नाही, त्यामुळे ह्यांच्या विजारीच्या दोन्ही गुडघ्यांवर माझ्या हातची ठिगळं. मी आग्रह करकरून त्यांना वाढलं. पाहुण्यांना पोटभर मिळायला हवं म्हणून आमच्या ताटात चमचाचमचा घेतलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही?" मी म्हटलं, "आमचं झालंय." मुलीनं त्याच क्षणी भांड्याकडे बघितलं, कार्टी.

बाईंची नजर कोपऱ्यातल्या वाकड्या, काळ्या डागांच्या टोमॅटोंवर गेली. "हे फेकायचे का?"

"छे! हे आमचे," हे अभिमानानं म्हणाले. "चांगले सगळे तुम्हाला. आम्ही नेहमी हेच खातो."

बाईंनी घास खाली ठेवला. हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला काही हवंय का? मोकळेपणानं सांगा."

"नाही, नाही! काहीसुद्धा नको. देवाच्या दयेनं सगळं आहे," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. आता कोणी असं विचारल्यावर आमच्याकडे दुसरं काय म्हणतात? बाईंनी भराभर लिहून घेतलं. निघताना त्या नको नको म्हणत असतानाही मी त्यांच्या पिशवीत सगळ्यात चांगले टोमॅटो कोंबले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "बघ," हे मला म्हणाले, "किती समाधान झालं बाईंचं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलगी मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. "बाबा, आपला अर्ज मंजूर झालाय."

"रद्द झालं ना कार्ड?"

"नाही. वरच्या वर्गात गेलंय. 'अत्यंत गरजू, परंतु मागण्यास संकोच करणारे कुटुंब.' आता खोका घरपोच येणार."

मी कपाळाला हात लावला. मुलगी हसत सुटली, मग बापाचा चेहरा बघून गप्प झाली. हे जेवले नाहीत. तीन दिवस खपून त्यांनी एक भाषण लिहिलं, मुलीकडून इथल्या भाषेत करून घेतलं आणि आरशासमोर पाठ केलं. खोका दारातूनच परत पाठवायचा होता. मी म्हटलं, तुम्ही अडखळलात तर पुढचं मी बोलते. मला तर भाषण लिहून काढायचीही गरज नव्हती, इतकी मी तापले होते.

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीतली लिफ्ट ह्यांच्या कंपनीची नसल्यामुळे बंद. दारात एक बाई धापा टाकत उभी. माझ्याच वयाची असेल. अंगातला कोट दुसऱ्या कोणाच्या मापाचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. गळ्यात एक कोरं करकरीत ओळखपत्र आणि त्याच दोरीला अडकवलेलं पिवळं कार्ड. खोक्यातून मुळ्याची जुडी डोकावत होती. मी ती लगेच ओळखली, शाळेच्या गणवेशातल्या शंभर पोरांत आपलं पोर ओळखतो तशी. जुडीवरची गाठ माझ्याच हातची होती.

ह्यांनी घसा साफ केला.

"मी पण घेते," ती मोडकंतोडकं बोलत स्वतःचं कार्ड दाखवून म्हणाली. "चार महिने घेते. आज पहिल्यांदा देते." आणि इतकी हसली की ह्यांना भाषणाचं पहिलं वाक्य आठवेना.

तिनं एक चिठ्ठी पुढे केली. मुलीनं वाचून दाखवली. खाली दोन चौकोन होते. पहिला, 'खोका मिळाला.' दुसरा, 'खोका नको, माझे नाव यादीतून कमी करावे.'

इतकी वर्षं पाकीट उरावर घेऊन फिरलो, अर्धा एकर खणली, आणि रस्ता हा एवढासा होता, नखाएवढा चौकोन. ह्यांनी पेन घेतलं आणि दुसऱ्या चौकोनावर नेलं. मी मनात म्हटलं, मारा फुली एकदाची.

बाईनं पेनाकडे बघितलं. तिचं हसू गेलं. "चांगलं नाही?" तिनं खोक्याकडे बोट दाखवलं. "मी दुसरं आणते. खाली अजून आहे. मी परत चढते."

"नाही," हे म्हणाले. "फार चांगलं आहे."

त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली, खाली पूर्ण नाव लिहिलं, दोन्ही हातांनी खोका घेतला आणि तिचे आभार मानले. मला रडू आलं, आणि रागही आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. ती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत निघाली, तेव्हा हे खोका घेऊनच कठड्यापाशी धावले आणि वरून ओरडले, "बाई, पुढच्या गुरुवारी किती वाजता याल? आम्ही घरीच असू."