पायाखालची माती

माझ्या सासूबाई म्हनायच्या, "चंद्रा, तू देवाच्या परसादातबी खडा शोधशील." शोधते! आसतोय म्हनून शोधते. डोळं झाकून गिळणाऱ्याचंच दात पडत्यात.

तर त्या वर्सीचं सांगते. दुकाळ सरून दोनेक वरसं झाली व्हती, उसाला परत पानी मिळत व्हतं. आन पोटाला मिळालं की मानसाला भांडायला जोर येतोय. आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं. गावात दोन आळ्या, वरची आन खालची. जत्रंच्या दिवशी दोनी आळ्यांची लेझीम देवळाम्होरं खेळती. जी आळी जिंकंल ती पालखीम्होरं नाचनार, आन लागोपाट तीन वरसं जिंकली तर मान कायमचा तिचा. खालच्या आळीनं दोन वरसं मारली व्हती. आता ह्ये तिसरं.

आमच्या वरच्या आळीच्या लेझमीचं म्होरकं म्हंजी आमचं मालक. नाव मी घेत न्हाई, म्होरं माझा दीर घिईल तवा कळंल. मालकांचं वडील म्होरकं, आजाबी म्होरकाच. मान गेला तर आमचा ऊस ऱ्हाईल, बैलं ऱ्हातील, पन ह्या मानसाला जगन्यात गोडी ऱ्हायची न्हाई, ह्ये मला पक्कं ठावं व्हतं. रोज सांजंला खुंटीवरची लेझीम काडायचं आन तेलाची बाटली घिऊन परड्यात जाऊन बसायचं. हल्ली जेवायलाबी भिताडाला टेकून, पाय लांब करून बसायचं. मी म्हनायची, पाटील झालाय जनू.

त्या तेलाचंबी एक झेंगटच व्हतं. बाटली आनली की आठवड्यात रिकामी. लेझीम काय तेल पिती व्हय? शेजारची बनुबाई येता-जाता माझ्या सैपाकघरात शिरायची. तेल हीच नेती, ह्ये मी वळखलं आन तिच्याशी बोलनं टाकलं.

आन दोन वरसं आमी हारलो का? पंचांमुळं! पैल्या वर्सीचा पंच जत्रंच्या सकाळी मनुबाईच्या घरी मटान जेवला. मनुबाई म्हंजी खालच्या आळीच्या म्होरक्याची बायकू, ओठात एक आन पोटात एक. पंच खाल्ल्या मिठाला जागला. दुसऱ्या वर्सी आनला रहिमतपूरचा सुभेदार, मिशा ह्या एवड्या. त्येनंबी त्येच केलं. मागनं मी खनून काडलं, त्येची मेव्हनी खालच्या आळीत दिली हाय.

त्या वर्सी डोस्की फुटली. म्हनून ह्या तिसऱ्या वर्सी गावाचं कारभारी तात्याबा म्हनलं, "ज्येला हितं ना सोयरा ना धायरा, आसा पंच आना. आन हरकत आसंल तर निकालाच्या आदी मैदानातच घ्यायची. घेतली की निकाल रद्द. मागनं कालवा न्हाई पायजे."

तवा आकाराम बोलला. ह्यो माझा चुलत दीर, पलटनीतनं पेन्शनीवर आलेला आन कुपवाडात एका कारखान्यात लागलेला. म्हनला, "आमच्याकडं मशिन बसवायला फिनलंडचा सायब आलाय. त्येची बायकू बर्फावर नाचायची. शर्यतीत. गडी आन बाई जोडीनं."

"बर्फावर?" मी म्हनलं. "भावजी, बर्फ सरबतात घालत्यात. त्येच्यावर नाचायचं म्हंजी कंबरडं मोडायचं काम."

"बुटाला पातं आसतंय वैनी. त्येच्यावर घसरतच नाचत्यात."

मला तर पानी कुटंतरी मुरतंय आसंच वाटलं. परक्या गड्याच्या हातात हात घालून घसरनारी बाई आमच्या लेझमीचा न्याय करनार! पन तिचं सोयरं आष्ट्यात न्हाईत, सांगलीत न्हाईत, आख्ख्या मुलखात न्हाईत. तात्याबांनी तिला आवतनाचा नारळ धाडला.

जत्रंच्या आदल्या दिवशी आकाराम तिला घिऊन आला. नाव रित्वा. उंच बाई, मक्याच्या कनसाच्या शेंड्यागत केस, दीड वरीस सांगलीत राहून मोडकी-तोडकी हिंदी शिकलेली. तात्याबांच्या घरी उतरली, चा प्याली, आन तेवड्यात बातमी आली की मनुबाईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, वर हिरव्या बांगड्या!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओटी भरली म्हंजी ती खालच्या आळीची लेक झाली की वो! लेक कवा माहेराच्या इरोधात बोलती व्हय? मी तरातरा परड्यात गेले आन मालकांना सांगितलं.

"भरू द्या," मालक म्हनलं. "आपुन पाय बराबर टाकला म्हंजी झालं." आन तोंड फिरवून बसलं.

गप बसंल ती चंद्राबाई कसली! मी रित्वाबाईला घरी बोलावलं, माज्या पेटीतलं नवं इरकली लुगडं काडलं आन मनुबाईच्या वरचढ ओटी भरली. बाई खूस झाली. आकाराम मधी बसून तिचं बोलनं मला सांगत व्हता. त्यातलं निम्मं तिचं आन निम्मं त्येच्या पदरचं, आसा माझा वहीम व्हता, पन दुसरा विलाज नव्हता.

मी इचारलं, "शर्यतीत किती येळा जिंकलासा?"

ती सांगू लागली. चौदाव्या वर्सी तिची जोडी एरो नावाच्या पोराशी लावली. नवरा न्हवं, नुसता जोडीदार. गोठलेल्या तळ्यावर पाटं उटून सराव करायचा, पडायचं, गुडगं फोडून घ्यायचं. तिच्या देशात ती दोगं पैली आली, मंग दर वर्सी पैलीच. तितनं थोरल्या शर्यतीला गेली, साऱ्या युरोपातल्या जोड्या. पैल्यांदा खालनं दुसरी. मंग दर वर्सी एकेक पायरी वर. शेवटच्या वर्सी जो त्यो म्हनत व्हता, आता ह्येंच्या गळ्यात पदक पडनार. नाच झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आन पंचांनी आकडं वर धरलं तर थेट नववी.

"कुनाचं सोयरं व्हतं पंच?" माझ्या तोंडातनं निगालंच.

आकारामनं तिला इचारलं. ती खो खो हसली. म्हनली, "मीबी त्येच इचारलं व्हतं." पंचांच्या तोंडावर जाऊन ती वरडली, बूट भिरकावलं, आन परत कवा शर्यतीला उभी ऱ्हायली न्हाई.

"आन त्यो एरो? त्यो काय म्हनला?"

बाईनं कपात बगितलं. "तवा काय बोलला न्हाई," म्हनली.

मला लय बरं वाटलं. म्हनलं, पंचांनी नाडलेली बाई, हिला आमचं दुखनं कळंल. पन तेवड्यात मालक आंगनातनं गोठ्याकडं गेलं, आन ही बया त्येंच्याकडं बगतच ऱ्हायली. तोंडाकडं न्हाई, पायांकडं! पार गोठ्यात शिरंपतुर. माझं डोस्कं परत फिरलं. लोकाच्या नवऱ्याचं पाय बगायचं काय कारन? माझं इरकली पान्यात गेलं, आसं मनात आलं.

जत्रंच्या दिवशी देवळाम्होरची जागा पानी मारून, झाडून गुळगुळीत केली. पैली खालची आळी खेळली. बरी खेळली, ह्याच्या वर माझ्याकडनं एक सबूद मिळायचा न्हाई. परत पानी मारलं, झाडलं, आन आमची लेझीम उतरली.

रसूलनं हलगीवर टिपरी टाकली. म्होरं मालक, तोंडात शिट्टी, डोक्याला गुलाबी पटका. वाकून, वळून, उसळून, समदं डाव एका ठेक्यात. मंग आला बैठकीचा डाव. खाली बसायचं, लेझीम पायाखालनं फिरवायची आन उसळी मारून उभं ऱ्हायचं. मालक बसलं आन उटलं. बसलं आन उटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, फेटं उडवलं. मी देवाला हात जोडलं. म्हनलं, जिंकलो.

कालवा थांबला. मंग रित्वाबाई खुर्चीवरनं उटली, मैदानात आली आन जितं मालक खेळलं व्हतं तितं उकिडवी बसली. वाकून वाकून बगाया लागली. मंग बोटानं चिमूटभर माती उचलली.

आवं, पायाखालची माती कशाला उचलत्यात ह्ये आमच्यात शेंबडं पोरबी सांगंल! करनी करायची तर दोनातली एक जिनस लागती, केस न्हाई तर पायाची माती. काल पाय बगितलं, आज माती घेतली. मनुबाईचंच काम! मी बायकांच्या घोळक्यातनं उसळले, पदर पडला तरी थांबले न्हाई, आन जाऊन तिचं मनगाट धरलं.

"सोड! सोड ती माती! माझ्या धन्याच्या पायाची हाय ती!"

आख्खी जत्रा आमच्याकडं वळली. रित्वाबाईनं हात सोडवून घेतला न्हाई. चिमूट सोडली, माती खाली पडू दिली, आन मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"देखो," हळूच म्हनली.

मी बगितलं. वल्या मातीत मालकांचं पाय उमटलं व्हतं. उजवा टाचंपासनं अंगठ्यापतुर खोल रुतलेला. डाव्याची नुसती बोटं, टाच कुटंच न्हाई. आन बैठकीच्या डावाच्या जागी डाव्या पायाशेजारी हाताचा पंजा. पाची बोटं उमटलेली. एकदा न्हाई, दर बैठकीला.

"यहाँ पैर नहीं उठाता. हाथ उठाता," ती म्हनली. "घुटना खराब. बहुत दिन से."

मी त्या पंज्यावर माझा हात धरून बगितला.

"एरो का भी घुटना," ती म्हनली. "मेरा हाथ उसके हाथ में, रोज. मुझे मालूम नहीं. बर्फ पर लकीर रहती. जज ने लकीर देखी. एरो ने मुझे दो साल बाद बोला."

मी मान वर केली. मालक पलीकडं उभं व्हतं, लेझीम छातीशी धरून, समदा भार उजव्या पायावर. पंचाकडं बगत नव्हतं, माझ्याकडं बगत व्हतं. येवडा भ्यालेला मानूस मी उभ्या जन्मात बगितला न्हाई. आन मला एकदम परडं दिसलं, भिताड दिसलं, ती तेलाची बाटली दिसली. तेल लेझमीला नव्हतंच.

तात्याबा आलं. रित्वाबाईनं त्येंच्या कानात सांगितलं, आन तात्याबांनी हात वर केला. "खालची आळी!"

आमची मानसं खवळून उटली. आकाराम सगळ्यांत म्होरं. "सयाजीदादा, गप काय बसलाईसा? समद्या गावानं बगितलं, तिनं माती उचलली! मनुबाईनं काल ओटी भरलीया! ह्यो काय निकाल झाला व्हय?"

तात्याबा माझ्याकडं वळलं. "चंद्राबाई, माती उचलली म्हनून निकालाआदी तूच वरडलीस. हरकत तुजी. घेतीस का? घेतलीस तर निकाल रद्द."

एका सबदाचं काम व्हतं. व्हय म्हनलं आसतं तर मान वाचला आसता, म्होरल्या जत्रंला परत डाव. आन म्होरल्या जत्रंलाबी ह्यो मानूस त्याच गुडग्यावर बसला आसता, हाताचा पंजा मातीत रोवून उटला आसता, आन मी आदी हात जोडलं आसतं, मंग टाळ्या वाजवल्या आसत्या. समदी वरची आळी माझ्या तोंडाकडं बगत व्हती. मनुबाईनं तर कमरंला पदर खोचला व्हता.

"हरकत न्हाई," मी म्हनलं. "निकाल बराबर हाय."

मनुबाईचं तोंड उगडं ते उगडंच. आकाराम "वैनी!" म्हनून किंचाळला. मी कुनाकडं बगितलं न्हाई. पायानं ती जागा पुसली, पंज्यासकट, आन मालकांकडं गेले.

आमच्यात बायकूनं चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावायची रीत न्हाई. चालायचंसुदिक चार हात मागनं. मी जाऊन मालकांचा डावा हात उचलला आन माझ्या खांद्यावर घेतला.

"आवं, लोकं बगत्यात," मालक म्हनलं.

"बगू द्या. टाका भार."

टाकला. केवडा भार वो त्यो! मला रडूबी आलं आन रागबी आला, मानसाचा गळा आवळावा आसा राग. तसंच चार पावलं गेलो.

"कवापासनं?" मी इचारलं.

मालकांनी आनखी एक पाऊल टाकलं. मंग म्हनलं, "दोन जत्रा झाल्या."

मी थांबले. "म्हंजी त्यो सुभेदार..."

"त्येनं मला बाजूला घिऊन सांगितलं व्हतं. म्हनला, आता सोड. आन त्यो मटान खाल्लेला पंच, त्येनंबी वळखलं व्हतं."

"आन मी दोन वरसं त्येंच्या नावानं बोटं मोडत व्हते! मला का न्हाई सांगितलंसा?"

"तुमी एवड्या जोरात भांडत व्हता माझ्यासाटी," मालक म्हनलं. "मला सांगवंना."

मागं खालच्या आळीची हलगी वाजत व्हती, मान कायमचा गेला व्हता. आळीच्या तोंडाशी बनुबाई दारात उभी व्हती. दोन म्हैनं मी तिच्या दारावरनं मान वळवून गेले व्हते. तिनं आमाला तसं बगितलं आन घाबरून म्हनली, "आगं बाई, काय झालं?"

"त्या अंगानं जरा धर गं," मी म्हनलं. "आन घरात तेल आसंल तर वाईच घिऊन ये."