पाचापासून माप

वर्ष संपत आलं होतं आणि पाचवीच्या वर्गातलं सगळंच थोडं थोडं संपत आलं होतं. खडू बोटभर उरले होते, भिंतीवरच्या तक्त्यांच्या कडा सुटल्या होत्या, कंपासपेट्यांतले कोनमापक कधीच हरवले होते. बाईंनी मात्र एक धडा मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवला होता.

"आत्तापर्यंत जे जे शिकलात ते एका कागदावर आणायचं," बाई म्हणाल्या. "लांबी, रुंदी, अपूर्णांक, दशांश, प्रमाण, सगळं. आपापलं घर मोजायचं आणि या चौकोनांच्या कागदावर काढायचं. एक चौकोन म्हणजे चार इंच. तीन चौकोनांचा एक फूट. आणि घरात जेवढी माणसं तेवढी टिंबं. जो जिथे झोपतो, तिथे त्याचं टिंब."

"बाई, आमच्या कुत्र्याला टिंब?"

"कुत्रा माणूस आहे का रे?"

"माझ्या भावापेक्षा बरा आहे, बाई."

वर्ग हसला. मग मागून कुणीतरी विचारलं, "आमचे काका कधी असतात, कधी नसतात. त्यांचं काय करायचं?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "असं करू. गेल्या बारा महिन्यांतले सहापेक्षा जास्त महिने जो घरात झोपला, तो घरातला. त्याला टिंब. बाकीचे पाहुणे."

बाई हे सहज बोलल्या आणि फळा पुसायला वळल्या. पण खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एका मुलीची पेन्सिल थांबली.

तिला सगळे खडू म्हणत. बाबा शिंपी, त्यामुळे कापडावर खुणा करायचा निळा खडू तिच्या बोटांना सदा लागलेला. तिने वहीचं मागचं पान उघडलं. आईला शहरात कामाला जाऊन सात महिने झाले होते. म्हणजे बारातले पाच ती घरात होती. पाच छेद बारा. नुकताच शिकलेला भागाकार तिने मांडला. शून्य पूर्णांक, चार, एक, सहा. बाकी आठ. पुन्हा सहा, पुन्हा बाकी आठ. पुन्हा सहा. ती मांडत गेली, सहा येत गेला, पान संपलं तरी बाकी काही संपेना.

शेजारी बसणाऱ्या, सगळे जिला बडबडी म्हणत त्या मुलीने मान लांबवली. "हे कधी दिलं बाईंनी?"

"नाही दिलं," खडू म्हणाली. "घरचं आहे."

घर म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या, एकामागे एक. मध्ये भिंत नव्हती, पडदा होता. पुढच्या खोलीत दुकान. तिथे दोन शिलाई मशीन समोरासमोर. एकावर बाबा असायचे. दुसऱ्यावर खोळ घातलेली, आणि त्याच्या बाजूला खिळ्याला आईची टेप लटकलेली. सात महिन्यांपूर्वी दुकानातलं काम एका माणसापुरतंच उरलं, तेव्हा आई दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात गेली. इथे ती अख्खा सदरा शिवायची. तिथे दिवसभर डावी बाही. उजवी दुसरीच कुणी शिवते, आईने तिला अजून पाहिलेलं नाही. हे फोनवर सांगताना आई हसली होती, आणि मग ते हसू मध्येच कुठेतरी धागा तुटल्यासारखं थांबलं होतं.

"बाबा, टेपचं दुसरं टोक धरता का जरा?"

"ही शिवण संपू दे."

ती शिवण संपली, दुसरी लागली. बाबांची टेप गळ्यात होती, ती त्यांच्या गळ्यातून आंघोळीपुरतीच उतरायची. म्हणून खडूने खिळ्यावरची आईची घेतली. टोकावर इस्त्री ठेवली, वजन म्हणून, आणि एकटीच गुडघ्यांवर सरकत सरकत खोली मोजली. टेप संपली की तिथे निळी खूण, मग इस्त्री उचलून खुणेवर, मग पुढे. वर्गातल्या सगळ्यांच्या टेपचं दुसरं टोक कुणी ना कुणी धरलं असणार. कुणाच्या आजोबांनी, कुणाच्या भांडकुदळ बहिणीने. तिच्याकडे इस्त्री होती. इस्त्री निदान हलत तरी नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढची खोली अकरा फूट. मागची अकरा फूट. अख्खं घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकवीस फूट आठ इंच.

दुसऱ्या दिवशी कागदावर घराची चौकट काढून तिने आत खोल्या बसवल्या, आणि मागची खोली चौकटीतून एक चौकोन बाहेर आली.

"अगं, हिची खोली घराबाहेर निघाली!" बडबडी ओरडली. "चप्पल तरी घातली का तिने?"

बाईंनी कागद हातात घेतला. "अकरा आणि अकरा बावीस. तुझी बेरीज बरोबर आहे. मोजण्यात काहीतरी चुकतंय. परत मोज."

तिने परत मोजलं. तीच इस्त्री, त्याच खुणा, तेच आकडे. घरात घर मावत नव्हतं. संध्याकाळी तिने ती रेघ एवढ्यांदा खोडली की कागदाला भोक पडलं, आणि मग ती नुसतीच त्या भोकाकडे बघत बसली.

मशीन थांबलं. "काय झालं गं?" बाबांनी चष्मा कपाळावर सारून कागद ओढून घेतला. "अकरा? ही खोली दहाची आहे. डोळ्यांनी सांगतो मी. कशाने मोजलंस?"

तिने खिळ्याकडे बोट दाखवलं.

बाबांनी टेप काढली, टोक बोटांत धरलं आणि हसले. असं हसले की रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावून गेला. सात महिन्यांत हे हसू तिने ऐकलं नव्हतं.

"ही कितीपासून सुरू होते?"

"पाचापासून."

"आणि माझी?"

"एकापासून."

"मग?"

मग काय? आईची टेप पाचापासून सुरू होते, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. बाबांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, तसंच तेही. त्यात विचारण्यासारखं काही असतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"पहिले चार इंच तू खाल्लेस," बाबा म्हणाले. "दात येत होते तुला. रडायला लागलीस की ती टेपचं टोक तुझ्या तोंडात द्यायची. चावून चावून पार चिंधी केलीस. मी नवीन आणली तर म्हणाली, मला हीच हवी. चिंधी कापून टाकली आणि त्या दिवसापासून प्रत्येक मापातून चार वजा. मला माहीत, तिला माहीत. तिसऱ्या कुणाला सांगायची वेळच आली नाही."

खडूला एकदम आईचं गुणगुणणं आठवलं. कापड पसरून माप घेताना, दातांत टाचणी धरून, अर्धं तोंडात अर्धं नाकात:

चार गेले चोरापोटी, पाचापासून माप,
चोर माझा पाळण्यात, मोजू कशी झोप.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, चोर दुसराच कुणीतरी आहे.

"तू जितक्यांदा टेप टाकलीस, तितक्यांदा घर चार इंच वाढलं," बाबा म्हणाले. "दोन खोल्यांना मिळून सहादा टाकलीस, अख्ख्या घराला पाचदा. म्हणून मेळ बसेना." त्यांनी गळ्यातली टेप काढली. "चल. धर टोक."

दोघांनी मोजलं. दहा फूट. दहा फूट. अख्खं घर वीस. प्रत्येक भिंत थोडी थोडी आत आली. नव्या कागदावर सगळं नीट बसलं, कुठे तसूभर जागा उरली नाही. बाबांचं टिंब पुढच्या खोलीत, तिचं मागच्या. आईचं मशीनही तिने काढलं, खोळीसकट.

"आई सुट्टीत येणार ना?" तिने विचारलं. टेप अजून दोघांच्या हातात होती, एक टोक तिच्याकडे, एक बाबांकडे. "बाईंचा नियम आहे, सहा महिन्यांच्या वर पाहिजेत. आईचे पाचच भरतात. पण ती आता राहायलाच येतेय म्हटलं तर बाई टिंब देतील. मी विचारणार आहे."

टेप सैल पडली.

"तिने तिथलं काम अजून एक वर्ष धरलंय," बाबा म्हणाले.

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्या साखळीचा आवाज आतपर्यंत आला.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन आठवडे. ती सांगत होती तुला, मीच म्हटलं, मी सांगतो. आणि मग..." त्यांनी मशीनकडे पाहिलं. "शिवण संपत नव्हती."

आपल्या हातातलं टोक तिने हळूच जमिनीवर ठेवलं. बाबांनी टेप गुंडाळली, एकदा नीट नाही झाली म्हणून सोडून परत गुंडाळली. मग भोक पडलेला पहिला कागद उचलून म्हणाले, "हा फाडू नकोस. तिला फोटो पाठवू."

रविवारी सकाळी फोन आला.

"घर वाढवलंस की गं!" आईचा आवाज. "एकवीस फूट आठ इंच! माझी टेप घेतलीस ना? बघताक्षणी ओळखलं मी. चोर ती चोरच."

खडू हसली. आईही हसली. मग दोघींचं हसून झालं.

"बाबांनी सांगितलं," खडू म्हणाली.

"हं."

"वर्ष म्हणजे बारा महिने पूर्ण?"

"बारा. पुढच्या वर्षी या वेळी मी..." आई थांबली. "रागावलीस?"

खडूने पेन्सिल उचलली. समोर नवा नकाशा होता, दोन टिंबांचा. त्याच्याशेजारी तिने एक कोरा कागद ओढला.

"आई, तुझी खोली केवढी आहे?"

"खोली? असेल आपली. कधी मोजली नाही."

"मग मोज."

"आत्ता? अगं, टेप कुठाय माझ्याकडे? आणि टोक कोण धरणार? खोलीतल्या बाकीच्या तिघीही पाळीवर गेल्यात, मी एकटीच आहे."

"विती घाल. विती घालायला कुणी लागत नाही. जिथे संपेल तिथे चप्पल ठेव, म्हणजे चुकणार नाही. मी तसंच केलं, इस्त्री ठेवून."

मग आईने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि दुरून, वाकलेल्या माणसाच्या आवाजात, एक, दोन, तीन. मध्येच चप्पल सरकवल्याची फरफर. सोळाला ती थांबली.

"सोळा विती," आई धापा टाकत म्हणाली. "आणि रुंदीला बारा. पण माझी वीत केवढी ते..."

"साडेसात इंच," बाबा म्हणाले. ते मशीनवरच होते, मान खाली, सुईत दोरा ओवत होते. कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

सोळा गुणिले साडेसात, एकशेवीस. भागिले चार. तीस चौकोन. म्हणजे दहा फूट, या खोलीइतकीच. रुंदी साडेबावीस चौकोन. खडूने अर्धा चौकोन काळजीपूर्वक पेन्सिलीने पाडला.

"यात चार वजा करायचे नाहीत ना?"

"नाही गं," आई म्हणाली. "विती पुऱ्या आहेत."

"तू कुठे झोपतेस?"

"दाराजवळ. भिंतीपासून दोन विती. त्या तिघी खिडकीकडे."

तिघी बायकांची तीन टिंबं तिने आधी काढली, खिडकीकडे. मग दाराजवळ, मोजून, एक. आईचे तिथे सात महिने झाले होते. बाराचे निम्मे सहा. नियमात बसत होतं.

मग तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्यामध्ये एक बोट ठेवून पाहिलं. मग हात ठेवून पाहिला. मग एक कागद टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला सरकवला, इतका की तो अर्धा हवेत राहिला, आणि पडू नये म्हणून वर इस्त्री ठेवली. दोन कागदांमध्ये किती चौकोन सोडायचे, ते बाईंनी शिकवलं नव्हतं.

"झालं का काढून?" आईने विचारलं.

"थांब," खडू म्हणाली. "फोन ठेवू नकोस."