दर वाराला एक

शरणबसव बिराजदार यांना सगळे अण्णा म्हणायचे, आणि डॉक्टरांपेक्षा अण्णांवर लोकांचा भरवसा जास्त होता. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सांधेवाताच्या ओपीडीबाहेर औषधांची खिडकी होती आणि तिच्यामागे ते सव्वीस वर्षं बसत आले होते. आतून चिठ्ठी यायची, तिच्यावर मुंगीच्या पायासारखी अक्षरं असायची. अण्णा ती माणसाला कळेल अशी फोडून सांगायचे. अक्कलकोटकडचा माणूस आला की कानडीत, करमाळ्याकडचा आला की मराठीत, विजापूर वेशीतला आला की दखनीत. "डॉक्टर औषध देतात, मी त्याचा अर्थ देतो," असं ते म्हणायचे. माणसानं एवढं मोठं बोलू नये. पण अण्णा बोलायचे, आणि ऐकणारे माना डोलवायचे.

खिडकीतल्या एका पिवळ्या गोळीच्या बाबतीत मात्र ते कधी थट्टा करत नसत. सांध्यांची सूज तीच उतरवायची, पण तिचा नियम कडक होता. पांढऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या, पिवळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर आधी तोंड येतं, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत जातात, आणि मग साधा तापसुद्धा माणसाला घेऊन जातो. अण्णांनी सव्वीस वर्षांत हे एकदाच पाहिलं होतं. तो माणूस घरी परत गेला नव्हता. तेव्हापासून पिवळी गोळी देताना ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकायचे.

चंद्रव्वाला त्यांनी ही गोळी दिली त्याला आठ महिने झाले होते. चंद्रव्वा मूळची अक्कलकोटकडची, बोलणं सगळं कानडी, मराठी मोडकंतोडकं. "वारक्क वंद गुळगी, अव्वा," अण्णांनी तिला सांगितलं होतं. कानडीत वार म्हणजे आठवडा. आठवड्याला एक गोळी. चंद्रव्वानं सोमवार धरला, कारण सोमवारी ती सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायची. देवळातून आली की गोळी. आठ महिन्यांत एकदाही चूक झाली नाही, आणि पीळ पडलेल्या तिच्या बोटांना पुन्हा लसूण सोलता येऊ लागला.

याच चंद्रव्वामुळे अण्णांच्या डोक्यात शिक्क्याची कल्पना आली. पाकिटावर दर वेळी हातानं "आठवड्यातून एकदा" लिहायचं म्हणजे हात दुखायचा आणि गर्दीत अक्षर बिघडायचं. नव्या पेठेत जाऊन त्यांनी रबरी शिक्का करून घेतला. जागा लहान, शब्द मोठा, म्हणून चंद्रव्वाला सांगितलेलं 'वारक्क वंद'च मराठीत सुटसुटीत केलं: "दर वाराला एक". घरात जन्मापासून ऐकलेला शब्द. तो दुसऱ्या कुणाला दुसरा वाटेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आपण ज्या पाण्यात वाढलो त्याची चव आपल्याला कुठं कळते?

नव्या डॉक्टर उत्कर्षा मॅडमनी शिक्का पाहिला तेव्हा विचारलं होतं, "अण्णा, वाराला म्हणजे?"

"म्हणजे आठवड्याला, मॅडम. इकडचा शब्द आहे."

मॅडम नाशिकच्या. इकडचं इकडच्यांना कळणार, असं त्यांना वाटलं. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "नुसतं 'कळलं का' विचारू नका. समोरच्याकडून उलट वदवून घ्या."

अण्णांना ते पटलं. त्या दिवसापासून ते प्रत्येकाकडून वदवून घेऊ लागले, आणि शेवटी न चुकता सांगू लागले, "गोळी चुकवू नका."

मग चंद्रव्वाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं, म्हणून औषधपाणी सुनेकडे आलं. सून इंद्रायणी करमाळ्याकडच्या केमची, माहेरच्या घरात कानडीचा गंध नाही. लग्नाला वर्ष झालं तरी सासूशी अर्धं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. ती एका सोमवारी खिडकीशी आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर रबर. अशी माणसं अण्णांना आवडायची.

त्यांनी दहा पिवळ्या गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली, शिक्का मारला आणि बाहेर वाकले. "ही पिवळी कशी द्यायची?"

इंद्रायणीनं पाकीट नीट वाचलं. "दर वाराला एक."

"किती?"

"एकच. दोन न्हाय."

"शाब्बास. गोळी चुकवू नका."

"न्हाय अण्णा. एक बी वार चुकवनार न्हाय की."

अण्णा खूश झाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणालेसुद्धा, "बघा, शिकलेल्यांपेक्षा ही पोर शहाणी." जाताना इंद्रायणीनं चौकातल्या दुकानातून सात खणांची गोळ्यांची डबी विकत घेतली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी तिचा फोन आला. खिडकीपुढं पंचवीस माणसं उभी होती.

"अण्णा, आत्यांचं तोंड आलंय. शेंगाची चटणी लई झोंबतीया. भाकरी बी गिळवंना."

आता इथं अण्णांनी थांबायला हवं होतं. तोंड येणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? क्षणभर त्यांना शंका आलीही. त्यांनी विचारलं, "गोळी सांगितली तशीच चाललीय ना? वाराला एक?"

"व्हय, वाराला एकच. आत्याबी रोज इचारत्यात, वारक्क वंद का म्हनून. मी म्हनते, व्हय आत्या, वाराला एकच देतीया."

सासू सुनेला विचारत होती, सून सासूला सांगत होती, अण्णा दोघींचं ऐकत होते. तिघांचा शब्द एक होता. शंका मिटली. कडक भाकरी, वरून तिखट, म्हातारीचं तोंड सोललं असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"चटणी बंद करा. भाकरी दुधात कुस्करून द्या. आणि गोळी चुकवू नका."

मंगळवारी सकाळी इंद्रायणी पुन्हा खिडकीशी उभी होती. डोळे ओढलेले, पदर खोचलेला, हातात ती डबी.

"अण्णा, पिवळ्या गोळ्या संपत आल्यात. उद्यापतूरच पुरतील. रांग असती म्हनून आजच आले."

अण्णांचा हात पाकिटाकडे गेला आणि तिथंच राहिला. दहा गोळ्या म्हणजे दहा आठवडे. तिला येऊन आठ दिवस झाले होते.

"हरवल्या का?"

"हरवतील कशा?" ती जरा दुखावलीच. तिनं डबी कट्ट्यावर ठेवून उघडली. सात खण, प्रत्येकावर वाराचं नाव. सोमवारचा खण रिकामा. मंगळवार आणि बुधवारच्या खणात पांढऱ्या गोळ्यांशेजारी एकेक पिवळी. गुरुवारपासून पुढं नुसत्या पांढऱ्या. "ह्यो बगा. सोमवारची दिली काल. मंगळवारची आता घरी गेल्यावर देते. दर वाराला एक."

तिचं बोट खणांवरून पुढं सरकत गेलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. अण्णांनी ते बोट पाहिलं आणि त्यांना आपला शब्द तिच्या कानानं पहिल्यांदा ऐकू आला. वार म्हणजे सोमवार. वार म्हणजे मंगळवार. मराठीत वार म्हणजे दुसरं काय असतं?

"अव्वाला ताप आहे?" त्यांनी विचारलं.

"काल रातीपास्नं हाय की. अंग भाजतंय. का वो?"

अण्णा खिडकी उघडी टाकून आत पळाले. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी पळताना पाहिलं नव्हतं.

तासाभरात मुलगा संगप्पा आईला रिक्षातून घेऊन आला. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून तसाच निघाला होता, अंगावर कामाचे कपडे. चंद्रव्वाच्या ओठांवर रक्ताच्या खपल्या होत्या. पाण्याचा चमचासुद्धा तिला नको होता. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा उत्कर्षा मॅडमनी तो दोनदा वाचला. पांढऱ्या पेशी निदान चार हजार हव्यात, होत्या सहाशे. गोळीचा उतारा म्हणून इंजेक्शन असतं, ते लगेच सुरू केलं. "पुढचे तीन-चार दिवस काही सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

संगप्पा वळला तो बायकोकडे. "रोज दिलीस? रोज? लिहिलेलं वाचता येत न्हाय तुला? माझ्या आईला मारायला निघालीस व्हय!"

इंद्रायणीनं गाठ मारलेल्या पिशवीतून पाकीट काढलं आणि शिक्क्याकडे बघत राहिली, एखादं अक्षर आपल्याकडून सुटलं असेल तर सापडावं म्हणून. मग अण्णांना विचारलं, "मी चुकीचं वाचलं का, अण्णा?"

अण्णांना वाटलं, गप्प राहावं. गप्प राहिलं तर निभावून जाईल. सून परगावची, शब्द इकडचा, सगळे तिलाच बोलतील आणि खिडकी आपली राहील. असं वाटलं, हे खोटं नाही. पण ती पोर त्यांच्याकडेच बघत होती, आणि अर्थ सांगणं हेच त्यांचं काम होतं.

"तू बरोबर वाचलंस," ते म्हणाले. "मी चुकीचं लिहिलं. संगप्पा, तिला बोलू नकोस. मला बोल."

संगप्पा बाकावर बसून रडायला लागला. बोलला असता तर बरं, असं अण्णांना वाटलं. खाटेवर चंद्रव्वानं पट्टीचा डोळा आवाजाच्या दिशेला वळवला. फुटलेल्या ओठांतून कसंबसं निघालं, "वारक्क वंद... अल्लेन अण्णा?" आठवड्याला एकच ना, अण्णा?

"हौद, अव्वा," अण्णा म्हणाले. हो अव्वा.

मॅडम त्यांना दाराबाहेर घेऊन गेल्या. मॅडमचा चेहरा उतरला होता. "मीही विचारून सोडून दिलं, अण्णा. तो शिक्का किती पाकिटांवर मारलाय?"

अण्णांकडे वही होती. पिवळी गोळी नेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन. शिक्का आल्यापासून एकतीस नावं. अक्कलकोटकडच्या नावांवरून त्यांची नजर भराभर सरकली, त्यांना वार म्हणजे आठवडाच, ते बचावतील. पण मधूनमधून दुसरी गावं होती. बार्शी. कुर्डुवाडी. करमाळा. एकूण चौदा. प्रत्येकानं खिडकीशी उभं राहून "दर वाराला एक" असं म्हणून दाखवलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी शाब्बास म्हटलं होतं.

त्यांनी पहिला नंबर लावला. जोतिराम, नातेपुते, वय अडुसष्ट. बारा दिवसांपूर्वी दोन पट्ट्या नेल्या होत्या, लांबचा माणूस म्हणून. अण्णांनीच आग्रह करून दिल्या होत्या. फोन बराच वेळ वाजत राहिला.

"कोन? अण्णा व्हय! आवो, लई बरं वाटलं फोन केलासा. गुडघं लई हलकं झाल्यात बगा."

"जोतिरामदादा, पिवळी गोळी कशी घेताय?"

"तुमी शिक्का मारून दिलाय तशीच की. ह्यो काय, आत्ताच जेवून हातावर घेतलीया. तोंड तेवढं आलंय जरा, त्याला काय तरी सांगा."

"दादा, ती गोळी खाली ठेवा! घेऊ नका!"

"काय म्हनलासा? हितं रेंज न्हाय हो. थांबा, अंगनात येतो."

चपला वाजल्या. कोंबड्या ओरडल्या. अण्णा वॉर्डच्या दारात उभे राहून ओरडत होते, ठेवा, खाली ठेवा, आणि आतून इंद्रायणी बाहेर येऊन त्यांच्याकडे बघत होती. पलीकडे भांडं वाजलं. घोट घेतल्याचा आवाज आला.

"हां अण्णा, घेतली बगा," जोतिराम म्हणाला. "एक बी वार चुकवला न्हाय. आता बोला."