चिमणीची वेणी आणि माझा बंपर

मी शाळेची एक जुनी गाडी आहे. मित्रांनो म्हणायची रीत असेल, पण मी वयानं मोठी, तुम्हाला बाळांनोच म्हणेन. कारखान्यातून आले तेव्हा माझा पिवळा रंग बघून शेजारच्या गाड्या नुसत्या जळायच्या. सोळा वर्षांत एका लेकराला खरचटू दिलं नाही मी. उगाच नाही मिरवत!

हल्ली मात्र किल्ली फिरली की मला भीती वाटते. आमचे ड्रायव्हरकाका मनानं वाईट नाहीत. पण एका हातात माझं स्टिअरिंग, दुसऱ्यात मोबाइल. प्रत्येक घरून मेसेज येतो, "कुठे आलात?" आणि काका चालत्या गाडीत लिहितात, "आलो." आलेले नसतात, तरी लिहितात.

परवा चिमणीच्या आईला असंच लिहिलं, "आलो." तिनं पहिलीतल्या लेकीला लगेच फाटकाबाहेर सोडलं. आम्ही अजून वळणावर, आणि काका पुढच्या घराला लिहिण्यात गुंग. मला बघून चिमणी रस्त्यात धावली.

"अहो, समोर!" मुलांना उतरवणाऱ्या मावशी किंचाळल्या.

मी थांबले तेव्हा चिमणीची वेणी माझ्या बंपरला टेकली होती.

कोपऱ्यावरच्या पोलीसबाई धावत आल्या. त्यांनी दंडाची पावती फाडली. काकांनी मोबाइलवरूनच दंड भरला. "सुटलो बाबा!" म्हणाले, आणि पुढच्या चौकात, चालत्या गाडीतच, लिहायला लागले, "पोलिसांमुळे उशीर झाला."

"बोटांना खाज सुटलीय का हो तुमच्या?" मावशी म्हणाल्या. "ती पोर आत्ता गेली असती!"

"गेली नाही ना?" काका म्हणाले.

मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पावतीला कोण भितं? गाडी चालवताना लिहिणाऱ्याचं लायसन्सच काढून घ्या, चांगलं सहा महिने. दुसऱ्यांदा सापडला तर जन्मात स्टिअरिंग नको. आणि मोबाइल मावशींच्या पेटीत कुलपात गेल्याशिवाय शाळेची गाडी हलूच नये, असा नियम करा. भ्यायचंच तर त्यांनी भ्यावं, मी का?

बाळांनो, तुमच्या आयांना एवढं सांगा, गाडी दिसेपर्यंत काही विचारू नका. उद्या सकाळी चिमणी पुन्हा फाटकात उभी असेल. माझे ब्रेक अजून चांगले आहेत गं चिमणे, पण ते दाबणारा पाय माझा नाही.