पेन्शनची परीक्षा पाहिलेली इस्त्री

मी वाफेची इस्त्री बोलतेय. बोलून उपयोग नाही हे ठाऊक आहे, कारण आजवर माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. आमच्या मालकाने, लेनर्डने, थाप मारली की मी फुसकारायचे. सगळे म्हणायचे, हिचा वॉशर गेला. वॉशर बदलत राहिले. लेनर्डला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मी हातात धरायची इस्त्री नव्हे. खाली गादी, वर लोखंडी झाकण, पायाने दाबलं की जबडा मिटतो. कारखान्यातून निघाले ती थेट ओहायोत, टोलेडोला, लेनर्ड प्रुस्कीच्या ड्राय-क्लीनिंगच्या दुकानात. मालक तो, पण माझ्यापाशी उभी राहायची ओडेसा टिब्ज. तिच्या हातून कधी शर्ट जळला नाही. मी मात्र तिचे गुडघे खाल्ले. दिवसभर उभं राहायचं, दुसरं काय होणार?

तिला एवढंच हवं होतं, म्हातारपणाचं खातं जरा भरलं की घरी बसायचं. पगारातून ती थोडं थोडं टाकायची. घरभाडं गेल्यावर उरणार तरी किती?

ही खाती लेनर्डनेच सगळ्या दुकानासाठी काढली. तेव्हा असल्या योजनांचा हिशेब बघणारी ग्लेंडा रस्क आली होती. माझ्या गादीवर कागद पसरून तिने दोन वाटा सांगितल्या. मालकाने दरवर्षी सगळ्यांच्या खात्यात आपल्या खिशातून घालायचं आणि निवांत राहायचं. नाहीतर काही घालायचं नाही, पण दरवर्षी परीक्षा. एकूण शिलकीतला शंभरात साठाहून जास्त वाटा मालकाच्या घरच्यांचा निघाला, तर कामगारांच्या खात्यात भर घालावीच लागेल.

"परीक्षा देतो," लेनर्ड म्हणाला. "शाळेत मी कधी नापास झालो नाही."

"शाळेत गेलास कधी?" त्याची बायको मार्लीन काउंटरवरून ओरडली.

पुढे त्याने आपल्या मुलीला, नोरीनला, दुकानात पगारावर घेतलं. तिचा नवरा कमावता, त्यामुळे ती जवळजवळ सगळा पगार खात्यातच टाकायची. लग्नानंतर ती नोरीन हॉलिस झाली होती. आडनाव वेगळं बघून ग्लेंडाने तिला कामगारांत धरलं, आणि कामगारांचं पारडं आयतं जड झालं. ग्लेंडा दरवर्षी फोनवर विचारायची, दुकानात घरचं कोण? लेनर्ड सांगायचा, "मी आणि मार्लीन. बस."

"आणि नोरीन?" मार्लीनने एकदा टोकलं.

"ती आता हॉलिसांची. मी कुठे खोटं बोलतोय?"

कायदा तसं मानत नाही. नाव बदललं तरी मालकाची लेक मालकाच्याच पारड्यात. मी फुसकारले. वॉशर बदलला.

मग एका एप्रिलमध्ये ग्लेंडा आपला हिवाळी कोट धुवायला टाकायला आली. नोरीनने तो घेतला आणि आत गेली.

"गोड आहे पोरगी," ग्लेंडा म्हणाली.

"बापावर गेली नाही म्हणून!" ओडेसा हसली. "हिच्या लग्नाच्या झग्याचं अस्तर मीच दाबलं, इथेच. लेनर्ड बाजूला उभा राहून रडत होता. म्हणे, वाफ गेली डोळ्यात."

ग्लेंडाचं हसू गेलं. "लेनर्ड तिचा बाप?"

"मग काय, मी?"

नोरीन दुकानात आल्यापासूनच्या सगळ्या वर्षांच्या परीक्षा पुन्हा झाल्या, तिला मालकाच्या पारड्यात टाकून. एकही पास नाही.

"तू आधी विचारायचंस ना!" लेनर्ड ग्लेंडावर खेकसला.

"दरवर्षी विचारलं, लेनर्ड."

न घातलेले पैसे आणि त्यांवरची वाढ, सगळं कामगारांच्या खात्यांत घालावं लागलं. लेनर्डने तळ्यावरची आपली लाडकी बोट विकली तेव्हा कुठे भागलं. ओडेसाने महिनाअखेरीला काम सोडलं. जाताना माझं झाकण पुसून गेली. तसं मला कोणी पुसत नाही.

आता दुकानात नवी इस्त्री आहे. मी मागच्या दाराशी भंगारवाल्याची वाट बघतेय. दुकान चालवत असाल तर एवढं ऐका, घरचं कोण विचारलं की घरचे सगळे सांगा. पोरीचं लग्न झालं म्हणून ती परकी होत नाही.

लेनर्डचं अजून चालूच आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बोटीचं रडगाणं ऐकवतो. त्यात तो स्वतः कुठेच नसतो. नोरीन खाली बघते, मार्लीन मान डोलावते. "ही वेळ माझ्यावर कोणी आणली, ठाऊक आहे?" तो विचारतो, आणि उत्तरही स्वतःच देतो: "ओडेसा टिब्ज."