पाहुण्यांनी आणलेला उजेड

मी बॅटरी बोलतेय. कोपऱ्यातलं ते काळं, जड धूड म्हणजे मीच. तांबड्या समुद्राकाठी आमची दहा-बारा घरांची कोळीवस्ती. छपरावर सौर पाट्या, टेकाडावर पवनचक्की. त्यांनी कमवायचं, मी साठवायचं आणि नफीसाबाईचा फ्रीझर चालवायचा. अख्ख्या वस्तीची मासळी त्यात असते.

कमावणारे दोघेही लहरी. सूर्य संध्याकाळी पाठ फिरवतो, वारा कधी दडी मारतो, कधी दारं उखडतो. लोक मात्र मलाच विचारतात, "एवढ्यात संपली?" जशी काही मीच कंजूष!

यंदा एप्रिलात खमसीनचं, म्हणजे वाळवंटातल्या तापल्या धुळीचं, वादळ उठलं. भर दुपारी धुळीने अंधारलं, पाट्या झाकल्या गेल्या. वारा इतका माजला की मोडायच्या भीतीने चक्कीने स्वतःलाच ब्रेक लावला. वारा उदंड, वीज शून्य! नफीसाने फ्रीझर सोडून सगळं बंद केलं. तो थांबला असता तर बारा होड्यांची आठवडाभराची मासळी कुजली असती.

इतक्यात मासळी न्यायला आलेले व्यापारी, मुअल्लिम म्हणजे शेठ बद्री, धुळीने माखून दारात उभे. पुढे रस्ता बंद झालेला. नफीसा रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "या, या! नव्वरतूना!" म्हणजे, तुम्ही घर उजळलंत. हा शब्द 'नूर'वरूनच आलाय, आणि आमच्याकडे विजेलाही 'नूर'च म्हणतात. तिचा नवरा, हजला जाऊन आलेला हाज शाजली, कानाने अधू. त्याला वाटलं, नूर आला! पठ्ठ्याने पंप, टीव्ही, कपड्यांचं मशीन, सगळं सुरू केलं.

माझा साठा भराभर उतरला. फ्रीझर कण्हू लागला.

"अहो हाज, बंद करा! वीज कुठाय?"

"तूच ओरडलीस ना, उजळलं म्हणून?"

"पाहुण्यांना म्हटलं हो, बॅटरीला नाही!"

मुअल्लिम खो खो हसले. "मग मलाच एखादी तार जोडा, बाई."

सगळं बंद झालं. मी तळाला गेले होते, पण फ्रीझर सोडला नाही. ओशाळलेला शाजली तोंडाला फडकं बांधून छपरावर चढला, मागोमाग मुअल्लिमही. दोघांनी पाट्या झाडल्या. तासाभराने धूळ विरली, वारा शहाणा झाला, चक्की फिरली. सगळी मासळी शाबूत राहिली.

आता मी थकलेय, निम्मीच भरते. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवी येणार. लोकहो, सूर्य-वाऱ्याला नावं ठेवू नका. ते देतात तेव्हा पंप लावा, कपडे धुवा. नव्या बॅटरीला मात्र तळाला नेऊ नका, त्यानेच आमचं आयुष्य घटतं. मी त्या दिवशी किती घाबरले होते, ते कुणालाच कळलं नाही.